वेब सर्व्हर आणि टॅलीचा संगणक एकाच स्विचवर असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. व्यापाऱ्यांना घरबसल्या ऑर्डर टाकता यावी म्हणून मालकांनी वेबसाइट करून घेतली आणि तिचा सर्व्हर ऑफिसातच ठेवला. स्थिर आयपी घेतलेला आहे. राउटरवरून वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, आणि पुण्याच्या डेव्हलपरला रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे लांबून सर्व्हर चालवण्यासाठी, ३३८९ असे तीन पोर्ट (क्रमांक दिलेली दारं) सर्व्हरकडे वळवले आहेत. सर्व्हरच्याच २४ पोर्टच्या (इथे पोर्ट म्हणजे केबल खोचायची जागा) स्विचवर टॅलीचा संगणक, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर आणि मालकांचा लॅपटॉप आहे. डेव्हलपर म्हणतो, "राउटरमध्ये डीएमझेड चालू करा, सर्व्हर वेगळा होईल." हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळणाऱ्या ताई विचारतात, एवढ्यानं भागेल का? आणि टॅलीतला शिल्लक माल वेबसाइटवर दिसायला हवा, तो कसा दाखवायचा?

ताई, आधी तातडीचं. राउटरमधलं ते डीएमझेडचं बटण चालू केलं असेल तर पुढचं वाचण्याआधी बंद करा. ३३८९ सुद्धा आजच काढून टाका. डेव्हलपरची गैरसोय होईल, होऊ द्या. त्याची सोय पुढे सांगतो.

साध्या राउटरमधल्या "डीएमझेड होस्ट" या पर्यायाचा अर्थ एवढाच, की बाहेरून येणारी जी जोडणी दुसऱ्या कुठल्याच नियमात बसत नाही ती सगळी या एका यंत्राकडे पाठवायची. म्हणजे आज तीन दारं उघडी आहेत, ते बटण दाबल्यावर सगळीच उघडतील. आणि सर्व्हर राहणार कुठे? त्याच स्विचवर, टॅलीच्या शेजारी. खऱ्या डीएमझेडमध्ये सर्व्हर आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये भिंत असते. इथे ती भिंतच नाही. नाव तेच, काम नेमकं उलटं. या एका नावानं जितक्या माणसांना खोटा धीर दिलाय तितका दुसऱ्या कशानंच दिला नसेल.

आता मुद्द्यावर येतो. गेली २२ वर्षं सोलापुरात नेटवर्कची कामं करतोय, आणि माझं ठाम मत झालंय की "सर्व्हर फुटू नये म्हणून काय करू" हा प्रश्न अर्धाच आहे. जगाला उघडा ठेवलेला सर्व्हर कधीतरी फुटणार असंच धरून चालायचं. तुमच्या कोडमध्ये चूक नसेल, तर ज्या तयार सॉफ्टवेअरवर ते उभं आहे त्यात निघेल. खरा प्रश्न हा, की तो फुटल्यावर चोराला तिथून पुढे कुठे जाता येईल? उत्तर "कुठेच नाही" असं असलं पाहिजे. वेबसाइट दोन दिवस बंद राहिली तर व्यापारी फोनवर ऑर्डर देतील. टॅली गेली तर कारखाना आंधळा होतो.

हे तोंडी सांगून मालकांना पटत नाही, म्हणून मी एक प्रयोग करून दाखवतो. दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एका कारखान्यात मालक म्हणाले, "अहो, वेबसाइट फुटली तर फुटली, त्यात आहे काय? टॉवेलचे फोटो." मी त्यांना सर्व्हरसमोर बसवलं. बाहेरचा चोर आत शिरला तर तो याच जागी बसलेला असेल, एवढं सांगितलं आणि त्या सर्व्हरवरून हिशेबाच्या खोलीतल्या प्रिंटरला एक ओळ पाठवली. मधे काचेचं पार्टिशन होतं. पलीकडे प्रिंटर घरघरला, पान बाहेर आलं, आणि बिलं लावत बसलेल्या काकांनी ते उचलून इकडे तिकडे पाहिलं. मग मी टॅलीच्या संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर उघडला. पासवर्ड विचारलाच नाही. मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

तर करायचं काय? नेटवर्कचे तीन भाग करायचे. बाहेर इंटरनेट, आत ऑफिस, आणि मधे एक वेगळी जागा जिथे फक्त हा सर्व्हर. डीएमझेड, म्हणजे डिमिलिटराइज्ड झोन, हा मूळचा लष्करी शब्द. १९५३ च्या युद्धबंदीनंतर दोन कोरियांच्या मधे सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा जो पट्टा ठेवला गेला, त्याला हेच नाव आहे. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. आपल्या भुईकोट किल्ल्याला दुहेरी तट आहे, बाहेरचा आणि आतला. बाहेरच्या दारातून आलेला माणूस थेट आत पोचत नाही, दोन तटांच्या मधे अडकतो. तुमचा सर्व्हर त्या मधल्या जागेत ठेवायचा.

यासाठी केबलचे तीन पोर्ट वेगळे वापरता येतील असा फायरवॉल, म्हणजे नियमांप्रमाणे ये-जा अडवणारी पेटी, लागेल. तयार पेटी घ्या, किंवा एखादा जुना पण धड संगणक असेल तर त्यात नेटवर्क कार्डं टाकून ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर बसवा. ते फुकट आहे आणि उत्तम चालतं. एका पोर्टला इंटरनेट, दुसऱ्याला तुमचा सध्याचा स्विच, तिसऱ्याला थेट सर्व्हरची केबल. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ पासून सुरू होत असतील तर सर्व्हरला १७२.१६.५० मधला पत्ता द्या. दोन्ही खासगी वापरासाठीच राखलेल्या पट्ट्यांतले आहेत, पण नुसत्या नजरेला वेगळे ओळखू येतात. लॉग, म्हणजे फायरवॉलच्या नोंदी, वाचताना याचा फार उपयोग होतो.

व्हीएलॅन, म्हणजे एकाच स्विचचे सेटिंगनं पाडलेले वेगळे भाग, करू का, असं तुम्ही विचाराल. एकच सर्व्हर असेल तर माझं उत्तर नको. वेगळी केबल, वेगळा पोर्ट, आणि शक्य तर केबल वेगळ्या रंगाची. उद्या कोणीही नवीन माणूस आला तरी त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे की ही पिवळी केबल त्या स्विचमध्ये खोचायची नाही. व्हीएलॅन चांगलीच गोष्ट आहे, एका स्विचवर ४,०९४ पर्यंत क्रमांक देता येतात, मोठ्या जागी त्याशिवाय गत्यंतर नाही. पण तिथे एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. स्विचवर दोन व्हीएलॅन करतात, दोघांना वेगळे पत्ते देतात, आणि झालं वेगळं म्हणून मोकळे होतात. वर बसलेला राउटर मात्र त्या दोन्ही भागांना जोडून देतो, कारण जोडणं हेच त्याचं काम. कोणी नियम लावून अडवलं नाही तर तो सर्व्हरकडून आलेलं पाकीट इमानेइतबारे टॅलीपर्यंत पोचवतो. वाटणी झाली, पण मधलं दार उघडंच.

म्हणून सगळा जीव नियमांत आहे, आणि नियमांत महत्त्वाची आहे दिशा. जोडणी सुरू कोणी केली, हे फायरवॉल लक्षात ठेवतो. आतून तुम्ही सर्व्हरला काही विचारलंत तर त्याचं उत्तर आपोआप परत येतं, त्यासाठी उलट्या दिशेला वेगळं दार लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण "उत्तर यायला नको का" म्हणून सर्व्हरकडून आत येणारी वाटही मोकळी करतात, आणि तिथेच सगळं घालवून बसतात.

इंटरनेटवरून सर्व्हरकडे फक्त ४४३ आणि ८० येऊ द्या. इंटरनेटवरून ऑफिसकडे काहीही नाही. ऑफिसातून सर्व्हरच्या देखभालीला फक्त तुमचा एक संगणक जाईल, बाकी सगळे त्याची वेबसाइट बघतील तेवढीच. सर्व्हरकडून ऑफिसकडे एकही जोडणी सुरू होता कामा नये. प्रिंटरसाठी नाही, बॅकअपसाठी नाही, "दोन दिवसांसाठी" तर मुळीच नाही.

राहिली एक दिशा, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. सर्व्हरकडून इंटरनेटकडे. लोकांना वाटतं सर्व्हरनं बाहेर जायला काय हरकत आहे? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावाच्या एका साध्या घटकात जी चूक सापडली, ती आठवा. हल्लेखोर सर्व्हरला एक विशिष्ट मजकूर पाठवायचा, सर्व्हर तो नोंदवहीत लिहायला जायचा, आणि लिहिता लिहिता स्वतःच हल्लेखोराच्या यंत्राला जोडणी करून तिथून कोड आणून चालवायचा. म्हणजे घात व्हायचा तो सर्व्हर बाहेर गेल्यामुळे. ज्यांनी आपल्या सर्व्हरला वाटेल तिथे बाहेर जायला बंदी घातली होती, त्यांच्याकडे हा साखळीतला दुवाच तुटला. चोरीचा माल बाहेर न्यायलाही हीच वाट लागते. तेव्हा अपडेट कुठून येतात, पेमेंट गेटवे कुठला, एसएमएस कोण पाठवतो, घड्याळाची वेळ आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) कुठून घेता, याची यादी डेव्हलपरकडून लेखी मागून घ्या आणि तेवढंच उघडा. तो कुरकुर करेल. पहिल्या आठवड्यात एखादी गोष्ट राहून जाईल आणि तुम्हाला फोन येईल. तो फोन परवडतो.

आता तुमच्या शिल्लक मालाबद्दल. डेव्हलपर म्हणेल, टॅलीचा ९००० पोर्ट सर्व्हरसाठी उघडा, मी तिथून स्टॉक वाचतो. हे करू नका. टॅलीची ती वाट घरातल्या प्रोग्रॅमांनी आपसात बोलण्यासाठी आहे, समोर कोण आहे हे ती नीट पारखून घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. काम तेच करायचं, फक्त दिशा उलटी करायची. ऑफिसातल्या एका संगणकावर छोटी स्क्रिप्ट ठेवा. ती दर १५ मिनिटांनी टॅलीला शिल्लक विचारेल, त्यातलं फक्त मालाचं नाव, आकार, रंग आणि नग एवढंच उचलेल, आणि सर्व्हरवर नेऊन टाकेल. परत येताना नव्या ऑर्डरी तिथून घेऊन येईल. दोन्ही वेळेला जोडणी आतून बाहेर. सर्व्हरला टॅली कुठे आहे हे कळायचंही कारण नाही. आपण गिऱ्हाइकाला गोदामात पाठवत नाही, आपला माणूस जाऊन गाठोडं पेढीवर आणून ठेवतो, तसंच हे. मधल्या १५ मिनिटांत एखादा रंग संपला तर? फोन करून सांगाल. टॉवेलच्या धंद्यात तेवढ्यानं काही बिघडत नाही.

आणि दर, उधारी, व्यापाऱ्यांची थकबाकी यातलं काहीही त्या सर्व्हरवर चढवू नका. जे तिथे नाहीच ते तिथून चोरीला जात नाही.

बॅकअपलाही हीच दिशा लावा. सर्व्हरनं आपला बॅकअप आत ढकलायचा नाही, आतल्या यंत्रानं जाऊन तो ओढून आणायचा. यावरून मला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यात माझी चूक होती. एका जागी मी असाच तीन भागांचा फायरवॉल लावून दिला, नियम तपासले, सही घेऊन आलो. काही महिन्यांनी बॅकअप हळू चालतो म्हणून तिथल्या कोणीतरी सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि थेट ऑफिसच्या स्विचला जोडून टाकलं. बॅकअप झपाट्यानं होऊ लागला, सगळे खूश. फायरवॉल जागच्या जागी होता, त्याचे दिवे लुकलुकत होते, पण त्याला वळसा घालून एक केबल गेली होती. पुढे वेबसाइटवरच्या फाइल चढवायच्या फॉर्ममधून कोणीतरी शिरलं आणि त्या दुसऱ्या कार्डानं सरळ आत आलं. चोरानं टॅलीचा फोल्डर कुलूपबंद केला, म्हणजे फाइली उघडेनाशा केल्या, आणि बॅकअपची पेटीही कुलूपबंद, कारण दोन्ही एकाच जागी. विक्रीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या विवरणांवरून आणि चलनांच्या कागदी प्रतींवरून पुन्हा घालावी लागली. तीन आठवडे चार माणसं तेच करत होती. मी वर्षातून दोनदा जाऊन केबली डोळ्यांनी पाहिल्या असत्या तर ते कार्ड पहिल्याच फेरीत दिसलं असतं. तेव्हापासून मी काम सोपवताना कॅबिनेटचा फोटो काढून दारावर आतून चिकटवतो. प्रत्येक केबल कुठून कुठे, नावासकट. फोटोत नसलेली केबल दिसली की विचारायचं.

भिंत उभी केली आणि दोन्हीकडे एकच किल्ली ठेवली, तर भिंतीचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जांची माहिती ठेवणाऱ्या कंपनीचं २०१७ मध्ये हेच झालं. वेबसाइटच्या एका जुन्या भागात अपाचे स्ट्रट्स या तयार सॉफ्टवेअरची चूक दुरुस्त करायची राहिली होती. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. चोर तिथून शिरले, त्यांना आत उघड्यावर ठेवलेले पासवर्ड मिळाले, आणि त्या भागाशी संबंध नसलेल्या ४८ डेटाबेसपर्यंत ते पोचले. ७६ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. म्हणून सर्व्हरचा पासवर्ड ऑफिसातल्या कुठल्याही यंत्राला नको. ऑफिसात विंडोजचं डोमेन (सगळ्या संगणकांची खाती एकाच जागेवरून चालवायची व्यवस्था) असेल तर हा सर्व्हर त्यात घेऊ नका. स्क्रिप्टला सर्व्हरवर जे खातं द्याल त्याला स्टॉक लिहिणं आणि ऑर्डर वाचणं एवढीच मुभा असू द्या.

डेव्हलपरची सोय अशी. फायरवॉलवर वायरगार्ड या सॉफ्टवेअरचं व्हीपीएन, म्हणजे किल्ली असलेल्यालाच वापरता येणारी बंदिस्त वाट, सुरू करा, त्याला त्याची किल्ली द्या, आणि त्या वाटेनं तो फक्त सर्व्हरपर्यंत जाईल असा नियम लावा. ऑफिसात नाही. काम नसेल तेव्हा त्याची किल्ली बंद ठेवा. मालकांना मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतात, त्यांनाही हीच वाट, फक्त डीव्हीआरपर्यंत. डीव्हीआरसाठी म्हणून कोणी राउटरवर आणखी पोर्ट उघडले असतील तर तेही शोधून बंद करा, बहुतेक ठिकाणी सापडतातच. २०१६ च्या मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं अशाच कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची फौज उभी केली होती, तीही कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून. कॅमेरे आणि हजेरीचं मशीन यांचा पुढेमागे चौथा भाग करा, पण आज त्यासाठी अडू नका.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, एकदा तपासा. सगळे नियम जुन्या पत्त्यांवर लावलेले आणि सेवा देणाऱ्या कंपनीनं नव्या पद्धतीचे पत्ते परस्पर सुरू केलेले, असं मला सापडलेलं आहे. वापरणार नसाल तर फायरवॉलवर बंद करा, वापरणार असाल तर तेच नियम तिथेही लावा.

लॉगबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती फुकट मिळते. वेगळ्या केलेल्या सर्व्हरला ऑफिसकडे जायचं काहीच कारण उरत नाही. मग फायरवॉलच्या नोंदीत "१७२.१६.५० कडून १९२.१६८.१ कडे जोडणी अडवली" अशी एक जरी ओळ आली, तरी काहीतरी बिनसलंय. एक तर कोणी सेटिंग चुकवलंय, नाहीतर सर्व्हरमध्ये कोणीतरी बसलंय. इतकी स्वच्छ धोक्याची घंटा दुसरीकडे मिळत नाही. त्या एका नियमाची सूचना तुमच्या मोबाइलवर येईल अशी व्यवस्था करा. ती आली तर आधी पिवळी केबल काढा, सर्व्हर बंद करू नका, म्हणजे आत काय चाललं होतं ते नंतर बघता येईल. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. तुमचा कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर हे तुम्हालाही लागू आहे, सीएंच्या कानावर घालून ठेवा.

सर्व्हर ऑफिसात ठेवायचाच कशाला, हेही मालकांना एकदा विचारा. एप्रिल-मे मधलं आपलं ऊन, एमआयडीसीतली वीज, तो छोटा केबिन आणि रात्रभर बंद असणारा एसी. वेबसाइट भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर गेली तर ऑफिसच्या राउटरवर बाहेरून एकही दार उघडं ठेवावं लागणार नाही, आणि तुमची ती १५ मिनिटांची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालेल, फक्त पत्ता बदलेल. मी असतो तर हेच केलं असतं. पण सर्व्हर विकत घेतलाय आणि मालक तो हलवायला तयार नाहीत, तर वर सांगितलेलं मन लावून करा, तेही चांगलंच चालतं.

हे सगळं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा आणि सुरुवात सर्व्हरच्या बॅकअपपासून. तो वेगळ्या डिस्कवर घेऊन डिस्क कपाटात. मग फायरवॉल, मग सर्व्हरचा पत्ता, मग नियम, सगळ्यात शेवटी स्क्रिप्ट. झालं की मोबाइलचं वायफाय बंद करून स्वतःच्या डेटावरून वेबसाइट उघडून बघा, आणि बाहेरूनच कोणाकडून तरी तुमच्या स्थिर आयपीवर पोर्ट स्कॅन, म्हणजे कुठली दारं उघडी आहेत याची तपासणी, करून घ्या. ८० आणि ४४३ सोडून काही उघडं दिसता कामा नये. वायरगार्डचा पोर्ट अनोळखी माणसाला उत्तर देत नाही, त्यामुळे तो दिसणार नाही. मग सर्व्हरसमोर बसा आणि तिथून हिशेबाच्या खोलीतल्या प्रिंटरला एक पान पाठवा. दोन मिनिटं थांबा. पान आलं नाही, आणि फायरवॉलच्या नोंदीत ती अडवलेली ओळ दिसली, की सोमवारी वेबसाइट चालू करायला हरकत नाही.